नुसते पाहून राहिले

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भाचीसाठी डबा घेऊन गेले होते. नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ती बालशल्यचिकित्सेच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि सणावाराला घरी येणं तिने केव्हाच सोडून दिलं आहे. ती ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात होती, म्हणून वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये बाकावर बसले. शेजारी भिंतीला पाठ लावून एक माणूस उकिडवा बसला होता. गळ्यात दुपट्टा, मांडीवर कागदांनी फुगलेली कॅरीबॅग, पायांवर अजून शेतातली माती. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीकडचा होता. नऊ वर्षांची पोरगी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, बसून चालली होती, ट्रॉली उसळली, ती खाली पडली आणि वरून कट्टा आला. माझ्या हातातला डबा आणि वॉर्डाच्या दाराकडे लागलेली नजर पाहून त्याने मला आतलीच समजलं असावं. म्हणाला, “ताई, तुमची वळख आहे का आतमंदी? पोटात फुटलं म्हणते. सोनोग्राफी केली, मोठ्या मशीनीत टाकलं, रक्त घेतलं. आन आता कापून नाही राहिले. बाजूच्या खाटेवरच्या पोट्ट्याचं अपेंडिक्स आल्या रातीच काढलं. माह्या पोरीले नुसते पाहून राहिले.” मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, “पैसे नाही म्हणून तर नाही ना?”

हा शेवटचा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

भाची बाहेर आली तेव्हा डोक्यावर ओटीची टोपी तशीच होती. तिळाची वडी तोंडात टाकता टाकता मी तिला हे सांगितलं. तिने डबा माझ्याच मांडीवर ठेवला आणि थेट त्या माणसासमोर जाऊन खाली बसली. ती काय म्हणाली ते मला अर्धवटच ऐकू आलं. “कापत नाही म्हणजे सोडून दिलं नाही, काका,” एवढं स्पष्ट ऐकलं. तो मान हलवत होता, पण ही मान मला ओळखीची आहे. डॉक्टर, वकील, तलाठी यांच्यासमोर आपली माणसं हलवतात ती मान. तिच्यात पटल्याची खूण नसते.

त्या पोरीची प्लीहा फाटली होती. डाव्या बरगड्यांच्या खाली, जठराच्या मागे दडलेला हा मुठीएवढा अवयव रक्ताने गच्च भरलेला असतो. मोठ्या माणसाला बरगड्यांचा पिंजरा बऱ्यापैकी झाकून घेतो. मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. मार लागला की त्या वाकतात, मोडत नाहीत, आणि सगळा जोर आत उतरतो. म्हणून वरून साधा ओरखडाही नसलेल्या मुलाच्या पोटात रक्त साठत असू शकतं. भाचीने मला हे रात्री गॅलरीत उभं राहून समजावलं, समोरच्या गच्चीवर अजून कोणाची तरी पतंगाची चक्री फिरत होती, लांबून “ओ काऽट” ऐकू येत होतं. त्या मुलीच्या सीटी स्कॅनमध्ये प्लीहेची फाट तिसऱ्या प्रतीची होती. पाच प्रती असतात, पाचवी सगळ्यात वाईट. “मग कापत का नाही?” मीही तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, “मावशी, तिची नाडी स्थिर आहे म्हणून. फोटो कितीही वाईट दिसू दे, आम्ही फोटोवर उपचार करत नाही.”

मला दिगू आठवला.

सत्तरच्या दशकात आम्ही नागपूरच्या महाल भागात एका वाड्यात राहायचो. दिगू आमच्या मागच्या खोल्यांतला. कटलेली पतंग धरायला म्हणून तो वाड्याच्या भिंतीवरून धावला आणि पलीकडच्या बोळात पडला. त्याचं ऑपरेशन झालं, वाचला, आणि सदरा वर करून पोटावरचा व्रण दाखवण्यात त्याची पुढची कितीतरी संध्याकाळ गेली. छातीच्या टोकापासून बेंबीच्या खाली आलेला, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके असलेला व्रण. आम्ही मुली हात लावून पाहायचो आणि हात मागे घ्यायचो. आतलं काहीतरी काढून टाकलं आहे आणि त्याच्यावाचून माणसाचं अडत नाही, असं त्याची आई सगळ्यांना सांगायची. त्यानंतर पावसाळ्यात एकदा सकाळी त्याला ताप भरला. दुपारी तो ओळखेनासा झाला आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत गेला. वाड्यात कोणी म्हणालं मेंदूज्वर, कोणी म्हणालं बाहेरचं काही. ऑपरेशनशी कोणीच त्याचा संबंध जोडला नाही. तसा संबंध खरोखर होता की नव्हता, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण प्लीहा रक्तातले जंतू गाळते, आणि ती नसलेल्या मुलाला काही जंतूंचा ताप तासांच्या हिशेबाने नेऊ शकतो, हे भाचीच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. दिगूच्या सर्जनबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनी त्या दिवशी एक मूल वाचवलं होतं. त्या काळी जगभर हेच करत. फाटलेली प्लीहा म्हणजे काढायची प्लीहा.

खरं तर धोक्याची खूण तेव्हा छापून आलेली होती. 1952 साली अमेरिकेत किंग आणि शुमाकर या दोन सर्जननी प्लीहा काढलेल्या तान्ह्या बाळांना पुढे किती भयंकर जंतुसंसर्ग होतो ते लिहिलं होतं. पण अवयवातून रक्त गळत असताना तो ठेवायचा तरी कसा? याचं उत्तर शोधण्यात एका भारतीय सर्जनचा मोठा हात आहे, आणि ते मला माहीत नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं. डॉ. पी. उपाध्याय. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये बालशल्यचिकित्सेचं नाव त्यांनी मोठं केलं, डोक्यात पाणी साचणाऱ्या बाळांसाठी परवडेल असा देशी शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी नळी, त्यांच्याच नावाने ओळखला जातो. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात तिथल्या सर्जनना आधीपासून संशय होता की मुलांच्या प्लीहेचं रक्त पुष्कळदा आपोआप थांबतं. उपाध्याय आणि सिम्पसन यांनी तिथल्या मुलांच्या नोंदी घेऊन 1968 साली तो संशय कागदावर मांडला: ऑपरेशन न केलेली मुलंही बरी होऊन घरी गेली होती. त्याच वर्षी उपाध्याय आणि सहकाऱ्यांचा माकडांच्या प्लीहेवरच्या जखमांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. वरकरणी छोटी गोष्ट वाटते. पण सर्जन म्हणून शिकलेल्या माणसाने, आत रक्त वाहतं आहे हे माहीत असताना, हातातलं पातं बाजूला ठेवावं असं म्हणणं म्हणजे आपल्या सगळ्या शिक्षणाच्या विरुद्ध उभं राहणं होतं. पुष्कळांना ते बेजबाबदार वाटलं. मान्य व्हायला वर्षं गेली. आज नाडी-बीपी सांभाळून असलेल्या मुलाची प्लीहा वाचवणं हाच जगभरचा रिवाज आहे.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त काय भिडलं असेल तर ते म्हणजे टोरांटोच्या त्या जुन्या केसपेपरांची गोष्ट. कोणीतरी, कुठल्यातरी रात्रपाळीला, एका मुलाची नाडी तासातासाला मोजली होती आणि लिहून ठेवली होती. पुढे आपल्या या आकड्यांतून काही सिद्ध होणार आहे हे त्या नर्सला कुठे ठाऊक होतं!

दोन दिवसांनी पुन्हा डबा घेऊन गेले तेव्हा भाचीने मला वॉर्डाच्या दारात उभं केलं आणि आत काय चाललं आहे ते पाहू दिलं. पोरगी उताणी पडली होती, केसांत अजून लाल रिबीन. भाचीने तिच्या अंगठ्याचं नख दाबलं, पांढरं झालं, सोडलं. गुलाबी परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. पावलं हाताने चाचपली, गार आहेत का. मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत राहिली, पूर्ण मिनिटभर. पोटावर बॉलपेनने दोन्ही बाजूंना खुणा केलेल्या होत्या, त्या खुणांवर टेप ठेवून घेर मोजला, मागच्या वेळचा आकडा पाहिला, नवीन लिहिला. “दुखतं का गं इथे?” मुलगी छताकडे पाहत म्हणाली, “कमी.” मग “भूक लागली.” भाची हसली आणि सिस्टरना म्हणाली, लिहा, भूक लागली. हे सगळं पुढच्या तासाला पुन्हा. ब्लड बँकेत तिच्या गटाच्या पिशव्या राखून ठेवलेल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांना कल्पना दिलेली. नाडी चढली, पोट फुगलं, तर थेट ओटीत न्यायची तयारी सारा वेळ.

बापाला बाहेरून यातलं काय दिसत होतं? एक तरुण डॉक्टरीण येते, पोरीच्या हाताला हात लावते, कागदावर काही खरडते, निघून जाते. औषधाची चिठ्ठी नाही, ओटीचा लाल दिवा नाही. जीव तोडून चाललेली देखरेख आणि दुर्लक्ष, ही दोन्ही त्या बाकावरून अगदी सारखी दिसतात. आणि गरिबाला दुर्लक्षाचा अनुभव इतका आहे की तो आधी तेच ओळखतो. त्याचं काय चुकलं?

मुलांच्या बाबतीत हा खेळ मोठ्यांपेक्षा फसवा असतो. वीस किलोच्या मुलीच्या अंगात रक्त असतं ते साधारण दीड लिटर. त्यातलं जवळजवळ 30 टक्के जाईपर्यंत तिचं बीपी चांगलं दिसू शकतं. लहान शरीर नाडी वाढवून, हातापायांकडचं रक्त आखडून घेऊन तोल सांभाळत राहतं. आणि मग एकदम सोडून देतं. म्हणून ती गार पावलं, ते नख. मोठ्या माणसांचं पाहून शिकलेला डॉक्टर “बीपी नॉर्मल” म्हणून निर्धास्त झाला तर त्याला उशिरा कळेल. आणि प्रत्येक गोष्ट वजनावर: सलाईन किती, रक्त किती, झोपेचं औषध किती, श्वासाची नळी केवढी. कॅज्युअल्टीत आईला विचारतात, वजन किती? ती म्हणते, शाळेत मोजलं होतं बाप्पा, आता नाही आठवत. परदेशात यासाठी एक रंगीत पट्टी आहे, ब्रोझलो टेप. मुलाला आडवं ठेवून उंची मोजायची, उंचीवरून वजन आणि वजनावरून डोस त्या रंगाच्या खणातच लिहिलेला. फार सुंदर कल्पना. पण आपल्याकडे अभ्यास झाला तेव्हा दिसलं की दहा किलोच्या वरच्या भारतीय मुलांचं वजन ती पट्टी जास्त सांगते. तिच्या उंचीच्या तिकडच्या मुलांच्या अंगावर जेवढं मांस असतं तेवढं आमच्या देवरीच्या पोरीच्या अंगावर नाही. कुपोषणावर मी आजवर पुष्कळ वाचलं आहे, लेखही लिहिले आहेत. पण औषधाच्या डोसात ते असं येऊन बसलेलं मला पहिल्यांदा दिसलं आणि काही वेळ काही बोलवलं नाही.

इथलं संशोधन इथेच का व्हायला हवं, हे मला या पट्टीने पटवलं.

भाचीचा प्रबंधही अशाच एका साध्या प्रश्नावर आहे. पोटाला मार लागलेलं मूल घटनेपासून तिच्या वॉर्डात पोचेपर्यंत किती वेळ जातो, मध्ये कुठे कुठे थांबतं, आणि त्याचा पुढच्या उपचारावर काय परिणाम होतो. नागपूरला मुलं येतात ती गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाहून, तिकडे बालाघाट-छिंदवाड्याहून. पहिला दवाखाना, मग तालुका, मग जिल्हा, मग “नागपूरले न्या”. 2014 पासून 108 नंबरच्या गाड्या आल्या, फरक पडला, पण रस्ता तेवढाच लांब आहे. देवरीची ही पोरगी साकोली, भंडारा करत आली. भाचीच्या प्रोफॉर्मात, म्हणजे माहिती भरायच्या तक्त्यात, वेळेचे रकाने आहेत, आणि तिथे खरी मेहनत आहे. कारण घटना कधी घडली असं विचारलं की उत्तर येतं, “गाई घरी यायच्या वक्ताले.” “भात शिजून राहिला होता.” “शाळेची मधली सुट्टी.” एका आजीने सांगितलं, बालाघाटची गाडी नुकतीच गेली होती. भाची मग बसते, उन्हाळा की हिवाळा, गाई किती वाजता येतात, त्या गाडीची वेळ काय, स्टेशनाला फोन करून विचारते, आणि रकान्यात आकडा भरते. तिच्या सरांनी तिला सांगितलं आहे की आकड्याच्या शेजारी मूळ उत्तरही लिहून ठेव. मी ती वही चाळली. ओळीने गाई, भात, सुट्टी, अजान, आठवडी बाजार, आणि पुढे मिनिटांचे हिशेब. निष्कर्ष विचारले तर सांगत नाही, म्हणते सगळी मुलं भरल्याशिवाय काही बोलायचं नसतं.

आकस्मिक उपचारांच्या आजच्या पद्धतीमागेही एका रात्रीची गोष्ट आहे. 1976 साली जेम्स स्टायनर नावाच्या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकाचं छोटं विमान नेब्रास्कातल्या शेतात कोसळलं. बायको जागीच गेली, चार मुलं सोबत होती, त्यांतली तीन गंभीर. आडगावच्या दवाखान्यात मुलांवर जे उपचार झाले त्याने तो हादरला, की उघड्या शेतात मी एकट्याने यापेक्षा बरं केलं असतं. त्यातून दोन वर्षांत पहिला शिक्षणक्रम उभा राहिला: आधी श्वासाचा मार्ग, मग श्वास, मग रक्त, याच क्रमाने, प्रत्येक वेळी, कुठल्याही डॉक्टरने. आज जगभर तो शिकवतात. नागपूरला पोचायच्या आधी मुलाला जो पहिला डॉक्टर भेटतो, त्याला हा क्रम अंगवळणी पडलेला असला की अर्धं काम तिथेच झालेलं असतं, असं भाची म्हणते. मला त्या गोष्टीत अडकायला झालं ते वेगळ्या ठिकाणी. त्याने दुःखाची तक्रार न करता अभ्यासक्रम तयार केला. हे कुठून येतं माणसात?

संक्रांतीच्या आसपास कॅज्युअल्टीत गच्चीवरून पडलेली आणि नायलॉन मांजाने कापलेली मुलं येतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तरी चक्र्या विकल्या जातात. त्यावर आणखी लिहायची माझी इच्छा नाही. लिहून लिहून हात थकले.

देवरीची पोरगी आठवडाभरात घरी गेली. प्लीहेसह. पोटावर व्रण नाही, त्यामुळे गावात दाखवायलाही काही नाही. तिच्या बापाने जाताना भाचीला विचारलं म्हणे, “मंग झालं काय होतं तिले?” पोटात फाटलं होतं आणि आपोआप मिटलं, हे त्याला शेवटपर्यंत पुरतं खरं वाटलं नसावं. भाचीच्या सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, नातेवाइकांना द्यायला एक पान लिहून घ्या, सोप्या मराठीत. ते काम माझ्याकडे आलं.

मी पहिल्यांदा लिहून दिलं त्यातली निम्मी वाक्यं भाचीने काढली. “प्लीहा हा महत्त्वाचा अवयव आहे” काढलं. “कृपया सहकार्य करावे” काढलं. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून लिहीत गेलो. तुमच्या मुलाच्या पोटातून रक्त येत होतं. ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. ते थांबतं आहे की नाही हे आम्ही दर तासाला पाहतो. आम्ही हात धरतो तेव्हा नाडी मोजतो. पोटावर टेप लावतो तेव्हा पोट फुगलं का ते पाहतो. रक्त तयार ठेवलं आहे. गरज पडली तर रात्री दोनलाही ऑपरेशन करू. ऑपरेशन करत नाही याचं कारण पैसे नाही. हे शेवटचं वाक्य असावं की नसावं यावर बराच वेळ गेला. सरांना वाटलं, लिहिलं तर उलट शंका येईल. मी म्हटलं, शंका आलेलीच असते. मग “पैसे” आणि “नाही” अशी जवळ आली की वाचणारा भलताच अर्थ घेईल, हे माझ्या बहिणीच्या लक्षात आलं, आणि ते असं झालं: ऑपरेशनला पैसे लागत आहेत म्हणून आम्ही थांबलो असं समजू नका; मुलाला ऑपरेशनची गरज नाही म्हणून थांबलो आहोत.

वाचता न येणाऱ्यांना सिस्टर वाचून दाखवतात. वाचून दाखवताना त्या आपोआप गोंदिया-भंडाऱ्याच्या बोलीत शिरतात, आणि ते माझ्या लिहिण्यापेक्षा चांगलं होतं. खालच्या भागात घरी गेल्यावरच्या सूचना आहेत: काही आठवडे झाडावर चढायचं नाही, सायकल नाही, कबड्डी नाही, ताप आला किंवा पोट दुखलं तर लगेच यायचं. ही यादी आमच्या तिघींना पुरेशी वाटली होती. एका आईने ऐकून झाल्यावर विचारलं, आन बारक्याले कडेवर घ्याचं का? तिची मुलगी आठ वर्षांची, आणि घरी दीड वर्षाचा भाऊ दिवसभर तिच्याच कडेवर असतो. आई रोजीला जाते. ज्या बाजूला घेते तीच डावी बाजू. भाचीने तिथल्या तिथे पेनने ती ओळ वर लिहिली, आणि पुढच्या प्रतींत सरांनी ती यादीत सगळ्यात पहिली घ्यायला सांगितली.